कानस, कणीस आणि घोळवही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘शाळेने मला काय दिले’. या विषयावर सकाळपासून चार भाषणं झाली आहेत आणि चौघांनीही शिस्त, संस्कार आणि आत्मविश्वास ही तीन उत्तरं वाटून घेतली आहेत. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणून मी शाळेच्या मागच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडबद्दल बोलणार आहे. आपली टेक्निकलची कार्यशाळा. त्यातही तिथे आपण काय बनवलं याबद्दल नाही, कारण आपण बनवलेल्या वस्तू कुणाच्या घरी वापरात आहेत असं मी ऐकलेलं नाही. मी बोलणार आहे तिथे झालेल्या घोळांबद्दल.

ज्यांना टेक्निकल नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठवीला टेक्निकल निवडलेले आम्ही सत्तेचाळीस जण. बेचाळीस मुलगे आणि पाच मुली. आठवड्यातून दोन दिवस जोडतासाला शेडमध्ये जायचं. फिटिंग, सुतारकाम, थोडं पत्र्याचं काम, थोडं नळाचं काम. आमच्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी खुरपं, विळा आणि कुऱ्हाड याशिवाय लोखंडी हत्यार नव्हतं. उरलेल्यांच्या घरी एक हातोडी आणि एक स्क्रू ड्रायव्हर, तोही शिवणयंत्राच्या खणातला. आणि समोर सर. सर मराठीत बोलायचे, सुतार-लोहारांचे अस्सल शब्द वापरायचे, पण मध्येच कारखान्यातलं इंग्रजी यायचं. त्यामुळे घोळाला दोन्ही दारं उघडी होती.

पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, “पुढच्या तासाला कुणाच्या घरी बारा इंची कानस असेल तर घेऊन या.” पुढच्या तासाला एक मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळून मक्याचं कणीस घेऊन आला. त्याचं नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता छताकडे बघतोय. सरांनी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “सर, बारा इंची कुठंच मिळालं नाही. सगळा मळा फिरलो. हे साडेदहा भरलं.” त्यानं खरोखर पट्टी लावून मोजलं होतं.

त्याच दिवशी दुसऱ्या एकानं पुठ्ठ्याची फाइल आणली होती, नाडीवाली. त्याच्या थोरल्या भावानं सांगितलं होतं की कानशीला इंग्रजीत फाइल म्हणतात. भावाचं ज्ञान बरोबर होतं. बाजारात मात्र फाइल फक्त स्टेशनरीच्या दुकानात मिळत होती.

सर हसले. आम्हीही हसलो. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझं अक्षर बरं आहे. लिही. काय मागितलं, काय आलं आणि का आलं. मुलाचं नाव लिहायचं नाही.” ती घोळवही. तीन वर्षं ती लिहायचं काम माझ्याकडे होतं. दहावीच्या निरोपाला सरांनी ती मलाच देऊन टाकली. ती आज मी सोबत आणली आहे, हीच ती. एकशे अडतीस नोंदी आहेत. घाबरू नका, सगळ्या वाचणार नाही.

काही नोंदी निव्वळ कानाच्या आहेत. “जॉब शेगड्यात धर” म्हटल्यावर एकानं लोखंडाचा तुकडा नेऊन शिपाईमामांच्या चहाच्या शेगडीवर धरला. मामांचा चहा राहिला, तुकडा तापला. “गुण्या आण” म्हटल्यावर एक जण ‘ब’ तुकडीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, “सर, गुण्या नावाचं आपल्या शाळेत कुणी नाही.” गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, ते त्याच्या समोर खिळ्याला लटकत होतं. “पटाशी दाखव” म्हटल्यावर एका मुलीनं ओठ वर करून पुढचे दोन दात दाखवले. सर म्हणाले, “अगदीच चूक नाही. त्या दातांना पटाशीचे दात म्हणतात ते या हत्यारामुळेच. दोन्हींचं काम एकच, समोरून कुरतडायचं.” त्या मुलीला पटाशी पुन्हा कधी सांगावी लागली नाही.

“उद्या थोडं कॉटन वेस्ट आणा, हात पुसायला.” कॉटन वेस्ट म्हणजे गिरणीतला सुताचा रंगीत गुंता, हे आम्हाला कुठलं माहीत? पाच जणांनी बनियन आणले. एकाच्या आईनं तर इस्त्री करून दिला होता, शाळेत न्यायचाय म्हणून. तो बनियन पुढं वर्षभर तेल पुसायला वापरला आणि सर सांगायचे, गिरणीच्या गुंत्यापेक्षा हा बरा.

‘जॉब’ या शब्दानं तर घराघरात गोंधळ घातला. कार्यशाळेत ज्या तुकड्यावर आपण काम करतो तो जॉब. आमच्यातल्या एकानं घरी सांगितलं, “माझा जॉब सरांनी पास केला.” त्याच्या आजीनं गल्लीत पेढे वाटले, नातवाला नववीतच नोकरी लागली म्हणून.

आणि ती प्रसिद्ध तक्रार. जर्नलमध्ये हत्यारांची यादी इंग्रजीत लिहायची होती. कानशीच्या दातांच्या खरखरीतपणावरून प्रती असतात. रफ, मग बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ. दुसऱ्या प्रतीचं नाव खरंच तसं आहे, जगभरात तसंच आहे, कुठल्याही पुस्तकात बघा. पण एका मुलाचे आजोबा जुनी इंग्रजी चौथी शिकलेले. त्यांनी जर्नल उघडलं आणि काठी टेकत थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. “शाळेत शिव्या शिकवता, वर मुलांकडून त्या नीट अक्षरात लिहून घेता?” सरांनी त्यांना शेडमध्ये नेलं, चारही कानशी हातात दिल्या, बोट फिरवून बघायला सांगितलं. जाताना आजोबा म्हणाले, “कानस चांगली आहे. नाव बदला.”

दुसऱ्या प्रकारच्या नोंदी आकड्यांच्या आहेत आणि मला त्या जास्त आवडतात, कारण त्यात चूक नेहमी मुलाची नाही.

“दहा-अकराचा पाना काढ” म्हटल्यावर एकानं पुस्तकाचं दहा-अकरावं पान काढलं, हा झाला कानाचा घोळ. पण पाना सापडल्यावर खरा घोळ सुरू झाला. त्याच मुलाला सरांनी दुकानात पाठवलं, या पान्यानं फिरणारे चार बोल्ट आण. तो दहा मिलिमीटरचे बोल्ट घेऊन आला. पाना बसेना. बोल्टाचं डोकं पान्याच्या तोंडात मावेचना. कारण पान्यावरचा दहा हा आकडा डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर असतो. बोल्टाची जाडी त्याहून कमी असते. दहाच्या पान्याला सहा मिलिमीटरचा बोल्ट लागतो, तेराच्या पान्याला आठचा. हे कळेपर्यंत तो बिचारा दुकानदाराशी दोनदा भांडून आला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, पोरगं न बघता हात घालून बरोबर पाना काढतं. त्याला हे कुणी एकदा सांगितलेलं असतं, एवढाच फरक.

मग अर्ध्या इंचाचा पाइप. नळाच्या कामाला अर्ध्या इंचाचा जीआय पाइप आणला होता. आमच्यातला एक चौकस मुलगा पट्टी घेऊन बसला. बाहेरून मोजला, एकवीस मिलिमीटरच्या वर. आतून मोजला, तरी अर्ध्या इंचापेक्षा जास्तच, सोळाच्या आसपास. अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. तो म्हणाला, “सर, यात अर्धा इंच आहे कुठं? दुकानदारानं फसवलं.” मी वहीत सरांचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं आहे: “तुझं माप बरोबर आहे. नाव जुनं आहे.” पूर्वी पाइपाची भिंत जाड असायची, तेव्हा आतलं भोक अर्ध्या इंचाच्या जवळपास असायचं. पुढं भिंत पातळ झाली. बाहेरचा व्यास बदलता येईना, कारण सगळ्या गावाच्या नळांचे आटे त्यावर बसलेले. म्हणून भोक मोठं झालं आणि नाव अर्धा इंचच राहिलं.

पॉलिश पेपरचंही तेच. एकाला सांगितलं, आधी जाड घासायचं आहे, मोठा पेपर आण. त्यानं चारशे नंबर आणला, कारण साठपेक्षा चारशे मोठा. पण पॉलिश पेपरचा नंबर चाळणीवरून येतो. इंचात जितकी जास्त भोकं, तितका दाणा बारीक. सर म्हणाले, “घरी जाऊन आईला विचार, रव्याच्या चाळणीला भोकं जास्त की मैद्याच्या?” तारेच्या गेजचंही उलटंच. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड आणि वीस गेजची एक मिलिमीटरलाही भरत नाही. तार एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत नेतात. जितक्या जास्त वेळा ओढली, तितका आकडा वाढला आणि तार बारीक झाली. कारण कळलं की उलटं वाटत नाही.

आणि सूत! देशात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, पण आपल्या गवंड्याला तो अजून कुणी कळवलेला नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. तीन सुती गज म्हणजे आजची दहा मिलिमीटरची सळई, चार सुती म्हणजे बाराची. “दोन सूत सोडून काप” म्हटल्यावर एका मुलीनं रिळाचा दोरा काढून लाकडावर दोन पदर ठेवले आणि त्यांच्या बाजूनं रेघ मारली. तिच्या घरी शिवणकाम होतं. सूत म्हणजे तिला दोराच माहीत होता.

पुढची एक नोंद सविस्तर सांगते, कारण सर घोळाचं काय करायचे ते तिच्यात दिसतं.

लोखंडावर खुणा करायच्या असतील तर चकचकीत पृष्ठभागावर रेघ दिसत नाही. म्हणून मोरचुदाचं पाणी लावतात. सरांनी सांगितलं, “निळं पाणी करून आणा.” एक जण मोरचूद घेऊन आला, कारण त्याच्या घरी द्राक्षबागेवर फवारायला होतं. दुसरा कपड्यांना घालायची नीळ घेऊन आला. दोन्ही पाणी निळंच. मुलं लागली हसायला. सर म्हणाले, “हसू नका. दोन्ही लावून बघू.” निळीचं पाणी लोखंडावरून ओघळून गेलं. मोरचुदाच्या पाण्यानं मात्र लोखंड क्षणात तांबूस झालं. आम्ही बघत राहिलो. एकानं तर हळूच विचारलं, “सर, याचं सोनं नाही का होणार?” सरांनी विज्ञानाच्या बाईंना तासावरून बोलावून घेतलं. बाई, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही खडू घेऊन तिथेच शेडच्या दारावर समीकरण लिहिलंत. लोखंड मोरचुदातलं तांबं बाहेर ढकलतं आणि ते तांबं पृष्ठभागावर बसतं. दहावीच्या परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा आमच्या सत्तेचाळीस जणांपैकी कुणाला तो पाठ करावा लागला नव्हता. याचं श्रेय नीळ आणणाऱ्याला आहे.

लेथचं दूधही असंच. आम्हाला एका वर्कशॉपमध्ये लेथ दाखवायला नेलं होतं. तिथे कापण्याच्या जागी पांढऱ्याशुभ्र पाण्याची धार पडत होती. आपला कणीसवाला हळहळून म्हणाला, “एवढं दूध वाया घालवतात?” ते पाण्यात मिसळलेलं तेल असतं. हत्यार आणि जॉब गार ठेवायला लागतं. दिसतं मात्र अगदी म्हशीच्या दुधासारखं. तिथले कामगार हसले. सरांनी त्यालाच पुढं करून कामगारांना विचारायला लावलं, की यात तेल किती, पाणी किती, रोज बदलता का, अंगाला लागलं तर काय होतं. दहा मिनिटांनी ते कामगार त्याच्याशी बरोबरीनं बोलत होते.

आता मी जरा गंभीर होते, कारण याच वर्कशॉपमध्ये त्या दिवशी पुढं जे घडलं ते इथे बसलेल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. आपण सगळे तोवर लेथभोवती होतो.

पलीकडे गॅस वेल्डिंग चाललं होतं. ऑक्सिजनचा काळा सिलिंडर आणि ॲसिटिलिनचा तपकिरी लाल. एक हेल्पर, आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवत होता आणि आटा अडकत होता. शेजारी तेलाची बुदली होती. आपल्याला शेडमध्ये सवय लागली होती की घट्ट आलं की दोन थेंब तेल. त्या हेल्परनं आपल्या कणीसवाल्याला खूण केली, दे रे ती बुदली. यानं बुदली उचलली. आणि मग, त्याच्या स्वभावाप्रमाणे, सरांकडे वळून विचारलं, “सर, इथं पण तेलच सोडायचं का?”

सर धावत आले आणि त्यांनी त्याच्या हातातून बुदली काढून घेतली. एवढा पांढरा पडलेला चेहरा मी त्यांचा त्याआधी बघितला नव्हता. मग त्यांनी त्या हेल्परला आणि आपल्या मुलाला दोघांनाही बाजूला बसवून सांगितलं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लागलं तर ठिणगी न पडताही पेट घेऊ शकतं, स्फोट होऊ शकतो. म्हणून ऑक्सिजनच्या जोडाला तेलाचा हातसुद्धा लावायचा नाही. ॲसिटिलिनचे आटे उलटे असतात ते एवढ्याचसाठी, की अंधारातसुद्धा एकाचं दुसऱ्याला बसू नये.

त्या रात्री मी नोंद लिहिली, “तेल सगळीकडे चालतं, असा समज.” दुसऱ्या दिवशी सरांनी वही मागून घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. संपूर्ण वहीत त्यांच्या हातची ही एकच ओळ आहे. “विचारलं म्हणून वाचलो.”

मित्रांनो, हा तोच मुलगा. मळाभर बारा इंची कणीस शोधणारा आणि लेथला दूध पाजतात असं समजणारा. तीन वर्षांत घोळवहीत सर्वांत जास्त नोंदी त्याच्याच आहेत, हे आता सांगायला हरकत नाही. त्या प्रत्येक नोंदीच्या वेळी सरांनी त्याला गप्प बसवलं असतं, तर त्या दिवशी त्यानं विचारलं असतं का? बुदली उचलून दिली असती. मोठ्या माणसानं मागितली होती.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की सगळीकडे घोळवही नसते. पहिल्या वर्षाला वर्कशॉप सगळ्यांना होतं. तिथं सीनियर मुलं नव्या मुलांना स्टोअरमध्ये पाठवायची, “स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा संपलाय, नवा आण” म्हणून. स्टोअरवाला पुढं तिसऱ्याकडे पाठवायचा. हा प्रकार जगभर चालतो हे मला नंतर इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांकडून समजलं. तिकडे शिकाऊ मुलाला ‘लाँग वेट’ आणायला पाठवतात. वेट म्हणजे वजन आणि वेट म्हणजे वाट बघणं. दुकानदार “बरं” म्हणतो आणि त्याला अर्धा तास उभा ठेवून विचारतो, “झालं का लांब वेट?” नाहीतर चौकड्यांचा रंग आणायला पाठवतात. ऐकायला गंमत वाटते आणि ज्याला चार मित्र आहेत त्याला ती सोसतेही.

माझ्या बॅचला एका खेड्यातून आलेली मुलगी होती. गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढं. तिला बुडबुडा आणायला पाठवलं. ती तासभर तीन इमारती फिरली आणि परत आली तेव्हा अख्खं वर्कशॉप दारात उभं राहून टाळ्या वाजवत होतं. शिकवणारेही हसत होते. ती त्या दिवशी रडली नाही. पण त्यानंतर चार वर्षांत तिनं वर्गात किंवा लॅबमध्ये एकही प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. जे कळलं नाही ते ती रात्री पुस्तकातून शोधायची, आणि जे पुस्तकात नव्हतं ते तिला कळलंच नाही. तिनं नंतर हे क्षेत्र सोडलं. तिच्या आयुष्याचा निकाल त्या एका तासानं लागला असं मी म्हणणार नाही, आणखीही कारणं असतील. पण कणीसवाल्यावरही आपण हसलोच होतो. फरक एवढाच की त्याच्या बाबतीत हसून झाल्यावर कुणीतरी विचारायचं, “तुला काय ऐकू आलं, सांग.” तिला ते कुणी विचारलं नाही.

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे हातोडी नाही, पण शब्दांचा घोळ तितकाच आहे. फाइल आहे, पॅच आहे, बिट आहे. नवीन लागलेली मुलं-मुली मीटिंगमध्ये बसतात, दहा शब्दांतले चार कळत नाहीत, आणि सगळे माना डोलावतात. डोलावणारी मान हा माझ्या धंद्यातला सर्वांत महाग अवयव आहे. १९९९ साली अमेरिकेच्या नासाचं मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं यान नष्ट झालं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम बळाचा हिशोब पौंडांत देत होता आणि तो घेणारा दुसरा प्रोग्रॅम न्यूटनमध्ये समजत होता. हा तर सुताचा आणि मिलिमीटरचाच घोळ. अशा जागी ‘हा आकडा कशात आहे?’ हा प्रश्न बाळबोध वाटतो, म्हणून तो विचारायला कुणीतरी निर्ढावलेला लागतो.

माझ्या टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एक वही देते. दोन आठवडे फक्त न कळलेले शब्द लिहायचे आणि शुक्रवारी माझ्याबरोबर बसायचं. पहिल्या शुक्रवारी बहुतेकांची वही कोरी असते, कारण लाज वाटते. मग मी त्यांना कणसाची गोष्ट सांगते. दुसऱ्या शुक्रवारी वही भरलेली असते. आणि त्यातल्या दर चार-पाच शब्दांमागे एक असा निघतो की जुन्या लोकांनाही त्याचा अर्थ नक्की सांगता येत नाही. अर्ध्या इंचाच्या पाइपासारखा. नाव जुनं, माप बदललेलं.

आता मुद्द्याचं. काल संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन आले. टेक्निकल बंद झाल्यापासून तिथे मोडके बाक आणि निवडणुकीच्या सामानाची खोकी ठेवली आहेत. शेगडे अजून बाकांना पक्के आहेत, ओतीव लोखंडाला काही होत नाही. कानशी गंजल्या आहेत. गुण्या खिळ्यालाच लटकतोय. संस्थेला ती जागा मोकळी करायची आहे आणि सामान किलोवर भंगारात जाणार आहे. संस्थेची अडचण मला समजते, वापर नसलेल्या खोलीचं ते करणार काय? पण मुख्याध्यापक मॅडमनी मला सांगितलं की पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत आपण काही ठरवलं तर त्या आपली बाजू मांडतील.

माझा प्रस्ताव असा आहे. अभ्यासक्रम नको, परीक्षा नको. आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी महिन्यातले दोन शनिवार, दोन-दोन तास. सुरुवातीला विजेवर चालणारं एकही यंत्र नाही, फक्त हाताची हत्यारं. आपल्यातले चौघे आज स्वतःचे वर्कशॉप चालवतात, दोघे बांधकामात आहेत, एक जण शेतीची अवजारं बनवतो. आळीपाळीनं आले तर प्रत्येकाला वर्षातून तीन-चार शनिवार येतील. वायरिंग, चष्मे, नव्या कानशी आणि पटाश्या यांचा खर्च मी आणि आणखी तिघांनी उचलायचं ठरवलं आहे. वर्गणी मागत नाही, शनिवार मागते आहे. आणि येणाऱ्या मुलांमध्ये निम्म्या मुली असाव्यात एवढी एक अट आहे. सत्तेचाळीसात पाच आता चालणार नाहीत.

हत्यारं आज सगळं फोनवर बघून कळतात, मग शेड कशाला, असं मला सकाळी एकानं विचारलं. बरोबर आहे. फोनवर पाना दिसतो. पण घट्ट ड्रिल मशीनपाशी हातमोजे घालून उभं राहिलेल्या मुलाला फोन थांबवत नाही. त्याला वाटतं मोजे म्हणजे सुरक्षितता. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर मागोमाग हात जातो, हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायला माणूस लागतो. आमच्या पाचही जणींच्या वेण्या वर बांधल्याशिवाय सर शेडमध्ये पाऊल टाकू द्यायचे नाहीत. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, घरून कुणाची ना नव्हती ती त्यामुळेच.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. तुम्हाला आता कमी ऐकू येतं, म्हणून मी हे भाषण मोठ्या अक्षरात छापून तुमच्या हातात आधीच दिलं आहे. तुम्ही शिकवायला यावं असं आम्ही म्हणत नाही. पहिल्या शनिवारी खुर्ची टाकून नुसतं बसा. एवढं कराल का?

(सरांनी हात वर केला.)

नोंद घ्या, होकार आला.

जुनी घोळवही मी शाळेच्या ग्रंथालयाला देते आहे. तिच्यात कुणाचं नाव नाही, त्यामुळे तिसऱ्या रांगेनं निश्चिंत राहावं. सोबत एक कोरी वही आहे, ती शेडसाठी. जेवणानंतर शिपाईमामांचा मुलगा शेडचं कुलूप उघडणार आहे. चार वाजता जमायचं, कुठले शेगडे चालू होतील ते बघायचं आणि यादी करायची. ज्यांना शनिवार द्यायचा आहे त्यांनी तिथंच तारीख लिहावी.